जीव वाचला, हाताचं काय?

आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला आमच्याकडे खान्देशात जो येतो तो एक वाक्य घेऊन येतो. "जीव वाचना ना माय, आते काय!" बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईसमोर हे वाक्य पडलं की तिचं पुढचं बोलणं घशातच राहतं. काखेत आग होते. दंडाला आतून मुंग्या येतात. हात खांद्याच्या वर जात नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही. आणि जे काढून टाकलं त्या जागी मध्यरात्री खाज सुटते. हे सांगायचं कुणाला? जीव वाचलाय, मग कुरकुर कसली?

माझी मोठी मावशी अमळनेर तालुक्यातली. बोरीच्या काठाला शेत, कापूस आणि थोडी ज्वारी. ऑपरेशन मोठ्या शहरात झालं आणि चांगलं झालं. सर्जनच्या हाताबद्दल आजही घरात कुणी वावगं बोलत नाही. सुट्टी मिळताना एक कागद मिळाला. त्यावर गोळ्यांची नावं, पुढच्या तारखा, केमोचं वेळापत्रक आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'हाताचे व्यायाम करणे'. कोणते, कधीपासून, किती, दुखलं तर थांबायचं की रेटायचं, यातलं काहीच नाही. त्या एका ओळीखाली जी रिकामी जागा होती ती गावाने भरली. कुणी एरंडाची पानं आणली, कुणी निर्गुडीचा पाला, कुणी शिरपूरकडच्या एका वैदूचा पत्ता, कुणी मोबाइलवरचा हळदीचा व्हिडिओ. पूरक उपचार म्हणून शहरात ज्याची मासिकं निघतात ते आमच्या घरात असं पिशव्यांमधून आलं. मग मी वाचायला बसले, कारण नाही म्हणायचं तर कशाला आणि का, हे तरी कळायला हवं.

आधी दुखतं कशामुळे ते बघावं लागलं. गाठ काढताना किंवा पूर्ण स्तन काढताना सर्जन काखेतल्या लसिकागाठीही (लिम्फ नोड) काढतात, कारण रोग पसरतो तो बहुतेकदा त्या वाटेने. त्याच काखेतून एक बारीक नस बरगड्यांमधून निघून दंडाच्या आतल्या बाजूला जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, कधी कापावीच लागते. म्हणून त्या जागेला हात लावला तर काही कळत नाही आणि तरी तिथे आग होते. "बधिर बी शे अन्‌ आग बी व्हस, हाई कसं?" असं मावशी विचारायची, तेव्हा तिची सून हसायची. प्रश्न अगदी बरोबर होता. तुटलेली नस बाहेरची खबर आणत नाही, पण स्वतः मात्र चुकीच्या खबरा पाठवत राहते. असं रेंगाळणारं दुखणं चार-पाच जणींत एकीला तरी होतं. त्यासाठी नसांच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, साध्या तापाच्या गोळीने ते हटत नाही. हे पहिल्याच भेटीत विचारण्यासारखं आहे. नसलेल्या जागी येणारी खाजही त्यातलीच. मावशीने ती मला सांगितली तीसुद्धा स्वयंपाकघरात, दार लोटून, आपलं डोकं फिरलं की काय अशा धास्तीने.

दुसरी गोष्ट दोरीची. काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेली दोरी दिसायला लागते आणि हात सरळ करताना ती खेचते. बघणाऱ्याला भीती वाटते की रोग हातात उतरला. तसं काही नसतं. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत ती उमटते आणि हळूहळू ताण देत राहिलं की बहुतेकींची काही महिन्यांत विरते.

तिसरी गोष्ट सुजेची, आणि ती समजून घ्यायला आमच्या भागाला वेगळा मास्तर लागत नाही. पांझरेच्या काठी धुळ्याकडे फड पद्धतीने पाणी वाटायचे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि कुणाच्या फडात कधी पाणी सोडायचं ते पाटकरी बघणार. शरीरातला लसिकेचा, म्हणजे पेशींभोवती झिरपलेल्या पाण्याचा, पाझर तसाच चाऱ्याचाऱ्यांनी काखेतल्या गाठींकडे जातो आणि तिथून पुढे रक्तात. काखेतल्या बऱ्याच गाठी काढल्या की वाट बुजते आणि पाणी हातात साचतं. अशा बायकांत साधारण पाचातल्या एकीला कधी ना कधी हातसूज येते. नुसत्या पहिल्या एक-दोन गाठी तपासून थांबलं असेल तर हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. सूज लगेचच येईल असंही नाही, दोन वर्षांनीही येते.

आता मालिश. आमच्या गल्लीत बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करणाऱ्या एक आक्का आहेत. त्यांच्या हाताखालून आमच्या घरातल्या दोन पिढ्या गेल्या. मावशी घरी आल्याचं कळताच त्या तिळाच्या तेलाची बाटली घेऊन हजर. "हात अकडलाय, रगडला की सुटतो." पदर खोचून त्या बसल्या आणि मी मधे आडवी झाले. पुढचा अर्धा तास काही गोड गेला नाही. आक्कांचा मुद्दा असा की मी त्यांना मालिश शिकवू नये. तो मान्यच आहे. माझा मुद्दा इतकाच होता की हा हात बाळंतिणीचा नव्हे. ज्या हाताच्या वाटा बुजल्या आहेत तो जोरात रगडला तर रक्त त्या बाजूला जास्त येतं, पाझर वाढतो आणि बाहेर जायला वाट नसते.

यासाठी जो मसाज आहे तो डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या नवराबायकोने 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये बसवला. त्यांच्याकडे येणाऱ्यांना वरचेवर सर्दी व्हायची, मानेतल्या गाठी सुजलेल्या असायच्या. त्या काळी लसिकागाठींना हात लावू नये असा डॉक्टरांचा दंडक होता, तो या दोघांनी मोडला. मात्र त्यांचा हात इतका हलका की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, ही बाई काही करतच नाहीये. तेल नाही, कारण बोटं घसरायला नकोत. कातडी फक्त हळूच ताणायची आणि सोडायची. सुरुवातही सुजलेल्या हातापासून होत नाही. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, म्हणजे जिथे पाणी न्यायचंय ती वाट आधी मोकळी करायची. जळगावात एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मावशीला हे शिकवलं. आक्काही सोबत आल्या होत्या, फुरंगटून कोपऱ्यात बसल्या होत्या, पण नजर हलली नाही. बाहेर पडताना म्हणाल्या, "ही मालिश नव्हे, ही तर जावळ काढायच्या आधीची बाळाची टाळू." त्या दिवसापासून त्यांचा हात हलका झाला.

या हलक्या मसाजचा उदोउदो मी करणार नाही. एकट्याने त्याचा फायदा थोडा, अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. दाबाची पट्टी किंवा बाही, व्यायाम, कातडीची निगा आणि मसाज असं सगळं एकत्र केलं तर सूज आटोक्यात राहते. पण आक्कांनी यात स्वतःची भर घातली आणि मला ती कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाची वाटते. त्या हाताला हात लावीनात, म्हणून त्यांनी काशाची वाटी काढली. रात्री जेवणं झाली की तळपायाला तूप लावून वाटीने घासायचं, मग पाठ, मान आणि चांगल्या बाजूचा खांदा. ऑपरेशननंतर बाई एका बाजूला झुकून चालते, जखम सांभाळत खांदा पुढे काढून बसते. मोठ्या छातीच्या बाईला एका बाजूचं वजन गेल्यामुळेही पाठ धरते. म्हणजे आक्कांचा हात दुखण्यापासून लांब नव्हताच. आणि त्या वाटीने मावशीला झोप लागायची. 2022 साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने वेदनांवरच्या पूरक उपचारांची जी मार्गदर्शिका काढली तिच्यात स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर रेंगाळलेल्या दुखण्यासाठी मसाज सुचवलेला आहे. आक्कांना मी हे सांगितलं. त्यांना विशेष आश्चर्य वाटलं नाही.

टाक्यांच्या व्रणाचं वेगळं. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर बोटांच्या पेरांनी व्रण आडवा-उभा हलवत राहायचा, नाहीतर तो खाली चिकटतो आणि हात उचलताना छाती ओढते. हे बाईने स्वतःच करायचं. त्यासाठी तिला त्या जागेकडे बघावं लागतं. मावशीने बरेच दिवस बघितलं नव्हतं. आंघोळीला न्हाणीत जाताना ती दिवा लावायची नाही. ते दिवे मग कधी लागायला लागले ते आम्हाला कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

शेकाबद्दल मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. आमच्याकडे दुखलं की शेक. विटेचा, वाळूचा, मिठाच्या पुरचुंडीचा, तव्यावर गरम केलेल्या एरंडाच्या पानाचा. पारोळ्याकडच्या एका बाईंनी ऑपरेशनच्या बाजूला वाळूचा शेक घेतला, आणि सकाळी सून पोलकं घालायला मदत करत होती तेव्हा तिला काखेखाली फोड दिसले. बाईंना कळलंच नव्हतं. बधिर कातडीला चटका कळत नाही, आणि भाजलेली जखम त्या हातावर महिनाभर रेंगाळते. गरम पाण्याची पिशवीही तीच गोष्ट. भाकरी थापताना, कुकरचं झाकण काढताना दंडाच्या आतल्या बाजूला वाफ लागते तीही कळत नाही. त्या हातावर काही लाल झालं, गरम लागलं, थंडी वाजून ताप आला तर पाला बांधत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तो जंतुसंसर्ग असतो, आणि प्रत्येक वेळी तो उरलेल्या वाटांपैकी काही बुजवून जातो.

कापसाचं काढलं की मावशी विषय बदलते. वेचणीला बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं बोटांना ओरखडे काढतात, नखांच्या कडेला टोचतात. आयुष्यभर त्याकडे कुणी बघितलं नाही, आणि आता फिजिओवाल्या ताई हातमोजे घाला म्हणतात. हातमोजे घालून कापूस वेचून बघा एकदा, म्हणजे मावशी का चिडते ते कळेल. शेवटी पातळ सुती मोजे, बोटांची टोकं कापलेले, आणि घरी आल्यावर साबणाने हात धुऊन साधं खोबरेल, एवढ्यावर तह झाला. शेजारणी म्हणत होत्या, या हाताने आता काहीच उचलू नको, कळशीही नको. पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे. पण 2009 साली अमेरिकेत हातसूज असलेल्या 141 बायकांवर एक अभ्यास झाला. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही. उलट सुजेने उचल खाण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातात ताकद आली. यातली 'हळूहळू वाढवत' ही अट गाळून कुणी उद्याच गव्हाचं पोतं उचलू नये. पण हात देव्हाऱ्यात ठेवून तो बरा होत नाही, हे मात्र यातून मला पटलं.

भिंतीवरचा व्यायाम सगळ्यांना माहीत असतो. भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढायचं, जिथे ताण लागेल तिथे थांबायचं, श्वास सोडायचा, खूण करायची. ऑपरेशनच्या जागी साचणारं पाणी बाहेर काढायला नळी लावलेली असते, ती निघेपर्यंत खांद्याच्या वर जायचं नाही. नळीतून चोवीस तासांत साधारण तीस मिलिलीटरच्या खाली पाणी यायला लागलं की ती काढतात. तोवर बोटं मिटणं-उघडणं, कोपर वाकवणं, खांदे मागे फिरवणं. मावशीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत, रंग देताना मुलाने तेवढा पट्टा सोडलाय. पण व्यायाम म्हणून सांगितलं की ती टाळायची आणि काम म्हणून आलं की करायची. हा सगळ्याच खान्देशी बायकांचा गुण की दोष, मला सांगता येत नाही.

मांडे हे त्याचं उदाहरण. ज्यांनी खापरावरचे पुरणाचे मांडे करताना बघितले नसतील त्यांना सांगते, पोळपाटावर लाटून ते होत नाहीत. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत तो वाढवायचा, मग उलट्या घातलेल्या तापलेल्या खापरावर हलकेच सोडायचा. दोन्ही हात छातीसमोर, कोपर बाहेर, खांदा मोकळा. फिजिओवाल्या ताईंनी हे मोबाइलवर बघितलं तेव्हा म्हणाल्या, खांद्याच्या सगळ्या दिशा यात आल्या. खापराच्या धगीपाशी मावशीने जायचं नाही, हे ठरलं. तिने नुसत्या कणकेवर हात फिरवायचे आणि भाजायला सुनेकडे द्यायचा. पहिले काही मांडे फाटले. त्याचं तिला जे वाईट वाटलं ते केस गेल्याचंही वाटलं नव्हतं. रेघ भिंतीवर वर सरकली त्याचं कौतुक आम्हाला, तिला मांडा न फाटल्याचं.

सुया टोचण्याचं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गोळ्या सुरू झाल्यावर सांधे धरले म्हणून तो विषय निघाला. ज्यांची पाळी गेलेली आहे अशा बायकांना लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलसारखी गोळी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त घ्यावी लागते, आणि तिने बोटं, गुडघे, मनगटं आखडतात. कितीजणी त्यापायी गोळी गुपचूप सोडतात. मावशीही सोडण्याच्या बेतात होती. 2018 साली छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीत अशा 226 बायका होत्या. काहींना खरं अ‍ॅक्युपंक्चर, काहींना खोट्या जागी वरवर टोचलेल्या सुया, काहींना नुसतं थांबवून ठेवलं. सहा आठवड्यांनी दहापैकी दुखण्याचे गुण खऱ्या सुयांत सरासरी दोनने उतरले, बाकी दोन्हीकडे सुमारे एकने. दोन गुण म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण सकाळी चहाचा कप धरता येणं आणि न येणं यात कधीकधी दोनच गुणांचं अंतर असतं. मराठी माणसाला या सुयांचं इतकं परकं वाटू नये खरं तर. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसोबत 1938 मध्ये जी पाच डॉक्टरांची तुकडी चीनला गेली तिच्यातल्याच डॉ. बिजय कुमार बसूंनी पुढे ही विद्या तिथे शिकून कोलकात्यात आणली. महाराष्ट्रात तिच्यासाठी 2015 चा कायदाही आहे, म्हणजे टोचणारा नोंदणी केलेला आहे का हे विचारता येतं आणि विचारावंच. सुजेचा धोका असलेल्या हातात सुया नकोत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना तर अजिबात नकोत, हे त्यालाही सांगून ठेवायचं. मावशी काही वेळा गेली. फरक पडला का विचारलं तर म्हणाली, "सुया बऱ्या शेत, पन त्याना गप्पा जास्ती बऱ्या." तो माणूस प्रत्येक वेळी आधी शांतपणे सगळं ऐकून घ्यायचा. कुठे दुखतं, किती, रात्री की सकाळी. ऑपरेशनपासून तेवढा वेळ तिला कुणी दिला नव्हता, आम्हीही नाही.

मला वाटतं यातल्या बऱ्याच उपचारांचं निम्मं काम तिथेच होतं. हे मी त्यांना कमी लेखायला म्हणत नाही. दुखणं खरं आहे असं समोरच्याने धरलं की अंगाचा ताठरपणा सैल होतो, आणि ताठरलेला खांदा सैल झाला की दुखणं खरोखरच कमी होतं. मोठ्या दवाखान्याच्या बाहेर जी रांग असते तिला हे करायला सवड नाही. आक्कांना आहे, सुयावाल्याला आहे, योग शिकवणाऱ्याला आहे. त्याची किंमत ते किती घेतात आणि त्या बदल्यात काय सोडायला सांगतात, मी फक्त तेवढं बघते.

योगाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 850 बायकांवर योगाची चाचणी झाली, ती 2022 मध्ये मांडली गेली. बातम्यांनी त्यातला रोग न उलटण्याचा 15 टक्क्यांचा आकडा उचलला. मला त्यापेक्षा दुखणं आणि थकवा कमी झाल्याची नोंद जास्त कामाची वाटली. रोज सकाळी उठणाऱ्या बाईला आधी तेच लागतं. मावशीला आसनं जमली नाहीत, श्वास जमला. ती तो गाण्यात घेते. श्रावणात कानबाई बसते तेव्हाची गाणी तिला तोंडपाठ. एका ओळीला श्वास आत, एका ओळीला बाहेर. टाके काढायच्या आधी, रक्त घ्यायच्या आधी ती ओठांत काहीतरी पुटपुटते ते हेच. सुगंधी तेलं, चुंबकाच्या गाद्या, तांब्याची कडी यांना आमच्या घरात वाव मिळाला नाही. कडं तर नकोच, त्या हातात पाटल्या-बांगड्याही सैल हव्यात.

हळदीची भांडणं अजून चालू आहेत. भाजीत हळद घाला, रात्री दुधात चिमूटभर घाला, हरकत नाही. पण हळदीच्या अर्काच्या ज्या कॅप्सूल मिळतात, मिऱ्याचा अर्क घातलेल्या, त्यांनी टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या दुसऱ्या एका गोळीचं रक्तातलं कामाचं प्रमाण थोडं घटतं, आणि मिरं असलं तर आणखी घटतं, असं नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलंय. व्हिडिओत हे नसतं. गुळवेलीने यकृत बिघडल्याचे रुग्ण करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले. आधीच गोळ्यांनी दमलेल्या यकृतावर आणखी काढे ओतायचे असतील तर निदान डॉक्टरांपुढे बाटली ठेवून विचारावं. लपवून घेऊ नये, डॉक्टर रागावले तरी.

आणि शिरपूरकडचा तो वैदू. तो हाताच्या दुखण्यावर पाला देत असता तर मी फार हुज्जत घातली नसती. तो म्हणाला, केमो बंद करा, मग माझं औषध चालेल. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सररुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास आला. ज्या स्तनकॅन्सरच्या बायकांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त दुसरे उपचार घेतले, त्यांच्या मरणाची शक्यता साडेपाच पटींहून जास्त निघाली. मी तो आकडा मामांना, मावशीच्या दिराला आणि भगताच्या नादी लागलेल्या तिच्या भाच्याला, तिघांनाही ऐकवला. मावशीने आकडा ऐकला नाही. तिने वैदूला विचारलं, "तुना घरमा कोनले व्हयनं व्हतं का हाई?" तो गप्प बसला. पुडी तिने परत केली, पैसे मात्र गेले.

सध्या आमच्यात वाद आहे तो बाहीचा. सूज सुरू झाल्यावर दिवसभर घालायची ती दाबाची बाही. तिचं माप सकाळी, हात हलका असताना घ्यायचं, मनगटापासून दंडापर्यंत ठिकठिकाणी. दोन हव्यात, एक धुवायला आणि एक घालायला, आणि सहाएक महिन्यांत ती सैल पडते की पुन्हा खर्च. ज्यांनी ती शोधून काढली त्यांनी जळगावचा मे महिना बघितलेला नाही. पारा 45 वर, पंख्यातून फुफाटा, आणि हातात ती घट्ट रबरी बाही. उन्हाने सूजही वाढते, म्हणजे नेमकी जेव्हा गरज तेव्हाच ती घालवत नाही. दुपारी काढून ठेवते आणि सूज आली की माझ्याकडे बघत नाही. ताईंनी तोडगा काढला. पहाटे उठल्याबरोबर घालायची, दुपारी ओल्या फडक्याने हात गार करून, नीट कोरडा करून उशीवर उंच ठेवायचा, ऊन उतरलं की पुन्हा बाही. कामाला जाताना मात्र सूट नाही.

हे सगळं मान्य करून मावशीने आपली अट सांगितली. बाही येते ती कुठल्यातरी गोऱ्या कातडीच्या गुलाबीसर रंगाची. तिच्या उन्हात रापलेल्या हातावर ती लांबून चिकटपट्टी लावल्यासारखी दिसते आणि बाजारात चार बायका विचारतात. "हिरवी मिळस का?" तिने ताईंना विचारलं, "मन्हा इरकलीले जमीन अशी." रंगीत मिळते म्हणे, पण मागवावी लागते आणि जास्त पैसे पडतात. ताईंनी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, मागवा, दोन मागवा, दुसरी जांभळी.